गोमामामाची स्पॅनिश दुखणी

जव्हारच्या बाजारात हेमंतचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि सगळ्या प्रकारचे ऑनलाइन फॉर्म. सगळ्या प्रकारचे म्हणजे खरोखर सगळ्या. रेशनकार्डात नाव घालणे, नाव काढणे, जातीचा दाखला, घरकुल, शिष्यवृत्ती, बकऱ्यांची योजना, विहिरीची योजना. हेमंतने भरलेला फॉर्म परत येत नाही असा जव्हार-मोखाडा दोन्ही तालुक्यांत बोलबाला होता. हा बोलबाला बराचसा हेमंतनेच केलेला, पण त्यात तथ्यही होतं, नाही म्हणू नये. मोखाड्याची माणसं मोखाड्यातली चार दुकानं ओलांडून, जीपला लोंबकळत त्याच्याकडे यायची आणि दारातल्या बाकड्यावर नंबर लावून बसायची.

फॉर्म भरण्याचं त्याचं एक शास्त्र होतं. 'नाही' लिहिलं की फॉर्म मेला आणि 'होय' लिहिलं की जगला, एवढंच. नाहीला कोणी विचारत नाही, होयला वजन असतं. समोरचा म्हातारा 'अपंग आहात का' या रकान्यापाशी अडला की हेमंत त्याला प्रेमाने विचारायचा, बाबा, चढणीला जरा तरी लंगडता ना? मग झालं की.

हे शास्त्र काही त्याच्या एकट्याच्या सुपीक डोक्यातून निघालेलं नाही बरं का. ब्याण्णव-त्र्याण्णव साली इथल्याच वावर-वांगणीला पोरं खंगून खंगून मेली, आणि तेव्हापासून या डोंगरांत जो येतो तो वजनकाटा घेऊनच येतो. डॉक्टर आले, पुढारी आले, पेपरवाले आले, संस्थावाले तर इतके आले की पाड्यावरच्या कुत्र्यांनी भुंकायचं सोडलं. जे पोर काट्यावर हलकं भरलं त्याला पाकीट मिळालं, जे पावकिलोने जड भरलं त्याला टाटा. ज्या म्हातारीने तीन दुखणी सांगितली तिला तीन बाटल्या, जी म्हणाली मी बरी आहे तिला नुसता रामराम. तीस वर्षं ही शिकवणी चालली म्हटल्यावर कोण शिकणार नाही? अख्खा मुलूख शिकला. हेमंत फक्त पहिल्या नंबराने पास झाला.

तर या हेमंतला एक मामा होता, गोमा. जामसरच्या अलीकडे, डोंगराच्या खांद्यावर पाडा आहे, तिथे त्याचं घर. भात, नागली आणि बाकीच्या वेळात बोहाड्याचे मुखवटे. बोहाडा म्हणजे आमच्याकडचा सोंगांचा उत्सव. देव, राक्षस, वाघ सगळे येऊन नाचतात, आणि कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं ते पिढ्यानपिढ्या ठरलेलं. गोमाच्या घराकडे त्राटिकेचं सोंग. मुखवटा त्यानेच घडवायचा आणि त्यानेच तोंडाला बांधून नाचायचं. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण त्राटिका होऊन आला की पोरं आयांच्या मागे दडायची आणि आया नवऱ्यांच्या.

चैत्रातल्या बोहाड्याला स्पेनमधून पिलार नावाची बाई आली. तिच्या गावात म्हणे दर हिवाळ्यात मुखवट्यांची मिरवणूक निघते, आणि ती त्या गावच्या मुखवटाघराची मुख्य. चार दिवस ती गोमाच्या घरी राहिली. जीप खाली रस्त्यालाच थांबते, वर चढण. गोमाने तिची बॅग डोक्यावर घेतली आणि ती निम्म्या वाटेत धापा टाकत बसली तेव्हा हा वर जाऊन बॅग ठेवून, तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन परत खाली आला होता. मग चार दिवस ती अंगणात त्याच्यासमोर मांडी घालून बसली. लाकूड तासायचा वाकस कसा धरतोस, पांगाऱ्याचंच लाकूड का घेतोस, डोळा आधी कोरतोस की नाक, एकसारखे प्रश्न. हेमंत दुकान बंद ठेवून मध्ये दुभाषा म्हणून बसला होता, मोडक्या इंग्रजीत. गोमा उत्तरं देताना इतकं बोलला की बायको धोंडीबाई आतून बाहेर येऊन बघून गेली, हा आपलाच नवरा ना म्हणून. जाताना पिलारने एक त्राटिका विकत नेली.

ती गेली आणि हेमंतने मोबाइलवर स्पॅनिश शिकायला घेतलं. बाजाराने हसून घेतलं. जातीच्या दाखल्याला आलेल्या माणसाला हा 'ओला', म्हणजे नमस्कार, म्हणायचा आणि तो माणूस आपले कपडे चाचपून बघायचा. पण पठ्ठ्याने सोडलं नाही. चार महिन्यांत तो पिलारला तिच्या भाषेत लांबलचक पत्रं लिहायला लागला आणि तिला ती समजायला लागली. श्रावणात तिचं आमंत्रण आलं. फेब्रुवारीतल्या उत्सवाला गोमाने यावं, पंधरा दिवस लोकांसमोर मुखवटा घडवावा, आणि शेवटच्या दिवशी मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे त्राटिका नाचवावी. सोबत एक दुभाषा. दोघांचा खर्च त्यांचा.

दुभाषा कोण हे सांगायला नकोच. हेमंतने त्याच आठवड्यात नाशिकहून टोपीचं जाड जाकीट आणलं आणि ऑगस्टच्या दमट हवेत ते दुकानात खुंटीला टांगलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.  गोमाने पांगाऱ्याचा एक चांगला ओंडका वळचणीला वेगळा काढून ठेवला आणि त्यावर कोणाला बसू देईना. एकदा बाजाराला आला तेव्हा त्याने हेमंतला हळूच विचारलं, तिकडे बर्फात रंग वाळतो का. म्हातारा मनातून तिकडे केव्हाच पोचला होता.

राहिला फक्त एक फॉर्म. 'देक्लारासिओन दे सालुद', म्हणजे तब्येतीचं निवेदन. सहा पानं, एकतीस प्रश्न. तुम्हाला हे झालंय का, ते झालंय का, कधी झालं होतं का. पिलारने सोबत लिहिलं होतं की विम्यासाठी लागतं, नुसती औपचारिकता आहे, सगळीकडे 'नो' लिहून सही करून पाठवा.

हेमंत ते वाचून गालात हसला. नुसती औपचारिकता! प्रत्येक साहेब फॉर्म नामंजूर करण्याआधी हेच म्हणतो. एकतीस वेळा नाही लिहिलेला फॉर्म? हा हात त्यासाठी घडलाय का? बाई चांगली आहे, पण तिला ऑफिसातलं काय कळतंय. हजार ठिकाणाहून हजार कलाकारांचे फॉर्म आले असतील, त्यात आपल्या मामाचा वर कसा राहणार? बाजूच्याला काहीच झालेलं नाही आणि आपल्या मामाला एवढं झालंय, तरी तो मुखवटे करतो, हे साहेबाला दिसलं पाहिजे.

एका रविवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन पाड्यावर गेला. ओटीवर गोमा, धोंडीबाई आणि त्यांची सून रविना. रविना पाड्याची आशाताई. सगळ्यांचं वजन, बीपी, साखर तिच्या वहीत. हेमंतने मामाला समोर बसवून तपासायला सुरुवात केली, डॉक्टरसुद्धा इतका वेळ देत नाही.

लाकडाचा भुसा नाकात गेला की गोमा खोकायचा. खोकल्याला स्पॅनिशमध्ये शब्द आहे 'तोस'. हेमंतने तो दोनदा उच्चारून बघितला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. तोस! शिंकल्यासारखा शब्द. यावर कोण सही करील? शोधता शोधता त्याला 'एन्फेर्मेदाद पुल्मोनार क्रोनिका' सापडलं, फुफ्फुसाचा जुनाट आजार. अहाहा. रकाना भरून बाहेर आलं.

गुडघा उतरणीला कधीमधी कुरकुरायचा. इथे हेमंतने जरा विचार केला, कारण स्पॅनिश लोक दुखण्याच्या बाबतीत फार नेटके आहेत. वयपरत्वे कुरकुरतं ते 'आचाके'. बरेच दिवस मागे लागतं ते 'दोलेन्सिया'. आणि ज्याचं नाव डॉक्टर कागदावर लिहितो ते 'एन्फेर्मेदाद'. हेमंतने रविनाला रेशनकार्डावरून समजावलं. आचाके म्हणजे पांढरं कार्ड, दुकानदार बघतसुद्धा नाही. दोलेन्सिया म्हणजे केशरी. एन्फेर्मेदाद म्हणजे पिवळं कार्ड वहिनी, त्यावरच सगळं मिळतं. तेव्हा गुडघ्याचा झाला 'आर्त्रोसिस', आणि त्याच्यापुढे 'तीव्र' असंही लावलं. सुईत दोरा ओवायला त्रास होतो? दृष्टी जाण्याचा आजार. दुपारी जेवल्यावर डोळा लागतो? कायमची अशक्तता. एकेक शब्द त्याने डिक्शनरीत तीनतीनदा पडताळला. चूक एकही नव्हती, हे लक्षात ठेवा. स्पॅनिश अगदी निर्दोष होतं.

गोमाने बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला काय धाड भरलीय? सकाळी दोन मोळ्या आणल्या."

हेमंतने त्याला समजावलं की मामा, मोळ्यांचा रकाना नाही. रविनाने वही पुढे केली. बीपी बरोबर, साखर बरोबर, रक्त भरपूर. तिने सरळच विचारलं की बऱ्या माणसाला त्या भाषेत शब्दच नाही की काय.

आहे ना, हेमंत म्हणाला. 'सानो'.

"मग तोच लिहा ना भाऊजी."

"वहिनी, बरा आहे असं लिहून आजपर्यंत कोणाला काय मिळालंय? एक नाव सांगा."

रविनाने वहीची पानं उलटली. बिचारी काय सांगणार? तिच्या स्वतःच्या वहीत आजाऱ्यांचे सात रकाने होते आणि बऱ्या माणसांचा एकही नव्हता. दर महिन्याला वरून फोन येतो तो किती वाढले आणि किती घटले ते विचारायला. तिने वही मिटली आणि चहा टाकायला आत गेली.

सत्ताविसावा प्रश्न आला. आपली मुलं किंवा भावंडं यांपैकी कोणी लहान वयात वारलं आहे का, असल्यास कारण. हेमंतने तो मराठीत वाचला. धोंडीबाई सुपातली नागली निवडत होती, तिचा हात थांबला. गोमा उठला.

"तिला नको घालू त्यात," एवढं म्हणून तो अंगणात गेला आणि वाकस हातात घेऊन उगाच एका फळीच्या ढलप्या काढत बसला.

तिला म्हणजे राहीला. दीड वर्षाची होती, ब्याण्णवच्या पावसात गेली. हेमंतचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, पण घरातली गोष्ट त्याला ठाऊक होती, आणि तिचं नाव घरात कोणी घेत नाही हेही ठाऊक होतं. सरकारी कागदावर कारण लिहिलं होतं न्यूमोनिया. पेपरवाल्यांनी लिहिलं कुपोषण. धोंडीबाईने आयुष्यात एकदाच, हेमंतच्या आईजवळ, सांगितलं होतं की भुकेने गेली.

हेमंतने त्या वेळी रकाना मोकळा सोडला. पण दुसऱ्या दिवशी दुकानात फॉर्म पुन्हा उघडला आणि तो मोकळा रकाना त्याच्या डोळ्यांत खुपायला लागला. सहा पानं कशी भरगच्च, आणि मध्ये हे भगदाड. मामाला कुठे स्पॅनिश येतंय? आणि वाईट तर काही लिहीत नाही आपण, घडलेलंच तर आहे. त्याच्यापुढे तीन शब्द होते. 'नेउमोनिया' त्याने लगेच बाजूला सारला, तो काय कोणालाही होतो, स्पेनमध्येसुद्धा होत असेल. 'देस्नुत्रिसिओन' म्हणजे कुपोषण, हा चांगला होता, वजनदार, पण जरा ऑफिसातला. आणि 'आम्ब्रे'. भूक. दोन पावलांचा शब्द, सरळ घरात शिरणारा. हेमंतने राहीचं नाव घालून त्यापुढे 'आम्ब्रे' लिहिलं, मागे टेकून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाला. खरं सांगायचं तर तिन्हींत खरा शब्द तोच होता. पण खरा म्हणून त्याने तो निवडला नाही, जड म्हणून निवडला. माणूस इतका निगरगट्ट कसा होतो, तर असा, चांगलं काम करतोय असं समजून.

सही गोमाने आधीच करून दिली होती. फॉर्म गेला.

दिवाळी झाली, भात झोडून झाला, वीटभट्टीला जाणारे गेले, आणि पिलारचं पत्र आलं. हेमंतने ते दुकानात उभ्याउभ्याच वाचलं आणि मग खाली बसला. सुरुवातीलाच तिने त्याच्या स्पॅनिशचं कौतुक केलं होतं. इतकं शुद्ध लिहिणारे आमच्याकडेही थोडे, असं. पुढे लिहिलं होतं की तो फॉर्म गावच्या सभेत वाचून दाखवला तेव्हा अनेकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या सज्जन माणसाने एवढी दुखणी लपवून माझी बॅग डोक्यावर वाहिली, मला आता रात्री झोप लागत नाही, मला क्षमा करा. विमा कंपनीने साफ नकार दिला आहे आणि तो योग्यच आहे. अशा अवस्थेतल्या माणसाला आम्ही इतक्या लांबच्या विमानात बसवणं हा गुन्हा ठरेल. आमंत्रण मागे घेताना वाईट वाटतं, पण गावाने ठरवलंय की आपण त्यांच्यासाठी काहीतरी केलंच पाहिजे.

आणि पाठोपाठ खोकं आलं. केवढं! जीपवाल्याने टपावर बांधून आणलं. त्यात धरून चालायचा वॉकर, गुडघ्याचे पट्टे, छातीत ओढायची फवाऱ्याची औषधं, ताकदीच्या पावडरींचे डबे, मोठ्ठं भिंग, लोकरीची शाल आणि शाळेतल्या पोरांनी रंगवलेलं एक कार्ड, ज्यावर एक काळा म्हातारा खाटेवर पडलेला आणि सूर्य हसत असलेला.

आता इथे कोणालाही वाटेल की हेमंतची अब्रू गेली. छे! उलटच झालं. पाड्यावर खोकं उघडलं गेलं आणि दोन्ही तालुक्यांत डंका वाजला. सरकारी दवाखान्यातून गोळ्यांची पट्टी मिळवायची तर तीन खेपा, आणि याच्या एका फॉर्मवर थेट स्पेनहून वॉकर! दुसऱ्याच दिवशी शेजारच्या पाड्यावरचा काळ्या दुकानात हजर. हा काळ्या वाघाचं सोंग नाचवतो, बैलासारखा तगडा गडी. त्याचं म्हणणं एवढंच की गोमाला जे लिहिलं त्याच्यापेक्षा एखादं जास्त लिही. त्याच्यामागे चौघं, चौघांमागे अकरा. बाकड्यावर बसल्याबसल्या बायका एकमेकींना विचारायला लागल्या, तुझं आर्त्रोसिस की पुल्मोनार? खुंटीवरचं जाकीट हेमंतने काढून आत ठेवलं. लोक पाया पडायच्या बेतात होते आणि त्याला मात्र घशाखाली घास उतरत नव्हता. तोही काही मामाच्या काळजीने नव्हे हो. आपलं विमान चुकलं म्हणून.

आठ दिवसांनी गोमा आला. बाकड्यावरच्या लोकांनी उठून त्याला जागा दिली, आजारी माणूस म्हणून. तो उभाच राहिला. त्याने हेमंतला सांगितलं की बाईला कळव, मी बरा आहे, मी येतो.

हेमंतला तेवढ्यात आशेचा कोंब फुटला. फेब्रुवारीला अजून अवकाश होता. पण नुसतं लिहून कोण विश्वास ठेवणार, डॉक्टरचा दाखला पाहिजे. मामा-भाचे दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होता, नवा होता, त्याने नाडी बघितली, छाती ऐकली आणि विचारलं, कोणत्या योजनेसाठी? हेमंत म्हणाला, योजना नाही, हा माणूस ठणठणीत आहे एवढंच लिहून पाहिजे. डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिला. इथे येऊन त्याला वर्ष झालं होतं, पण असं मागायला कोणी आलं नव्हतं. कुठल्या नमुन्यात लिहायचं हेच त्याला माहीत नव्हतं. दोन हेलपाटे झाले, साध्या कागदावर दाखला मिळाला, हेमंतने त्याचं भाषांतर केलं आणि सोबत स्वतः लिहिलं, 'सानो. कोम्प्लेतामेन्ते सानो.' पूर्णपणे बरा. आयुष्यात पहिल्यांदा त्याने फॉर्मबाहेर सरळ एक वाक्य लिहिलं होतं.

उत्तर यायला मार्च उजाडला. गोमा दर बाजाराला विचारून जायचा आणि वळचणीचा ओंडका वाळून तडकायला लागला होता. उत्तर आलं त्या दिवशी तो आणि रविना दोघंही दुकानात होते.

पिलारने लिहिलं होतं की उत्सव नुकताच पार पडला, आणि तुमचं पत्र मिरवणुकीआधी सगळ्यांना वाचून दाखवलं. आमची औषधं इतक्या लवकर लागू पडतील असं वाटलं नव्हतं! लोकांनी त्राटिकेसमोर उभं राहून टाळ्या वाजवल्या, काही जण रडले. एका महिन्यात वॉकर सोडून चालणारा माणूस! आमच्या छोट्या गावाला फार समाधान मिळालं. आता तुमच्या भागातल्या इतर आजाऱ्यांची यादी पाठवा, यंदा आम्ही तेच काम हाती घेतलंय. सोबत फोटो होता. काचेच्या कपाटात त्राटिका, जीभ बाहेर, डोळे वटारलेले, आणि शेजारी छापील पाटी.

पाटीवर काय आहे, गोमाने विचारलं.

हेमंत मराठीत सांगत गेला. मुखवटा घडवणारा गोमा, भारत. फुफ्फुसाचा जुनाट आजार, तीव्र संधिवात, दृष्टी अधू. पुढची ओळ त्याने नुसती डोळ्यांनी वाचली. ती ओळ गाळून तो थेट शेवटच्या ओळीवर आला. आपल्या मदतीमुळे आज तो बरा आहे.

रविना फोटोवर वाकली होती. स्पॅनिश तिला येत नव्हतं, पण इंग्रजी अक्षरं लागायची.

"भाऊजी, इथे राही लिहिलंय," ती म्हणाली.

बाकड्यावरचे लोकही मान लांबवून बघायला लागले. गोमाने स्क्रीनकडे बघितलं. त्या अक्षरांतलं एकही त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. हेमंतला वाटलं आता मामा ओरडणार, एखादी ठेवून देणार. दिली असती तर बरं झालं असतं. पण गोमा हळूच बोलला, रागावलेल्या माणसासारखं नाही, थकलेल्या माणसासारखं.

"आजपावत बाहेरून जो आला त्याने इचारला, तुला काय होतंय. ही एकली बाई आली नि तिने इचारला, तुला काय येतंय. नि तू तिला लिवून धाडलास, काय होतंय ते."

हेमंतने फोटो बंद केला.  

गोमा पायरी उतरला आणि जीपच्या थांब्याकडे न वळता सरळ रस्त्याने जामसरच्या दिशेने चालायला लागला. मार्चचं ऊन, चौसष्ट वर्षांचा माणूस, आणि चाल अशी की मागून निघालेल्या रविनाला पळत जाऊन गाठावं लागलं. ना खोकला, ना गुडघा. हेमंतने झटकन मोबाइल काढला आणि कॅमेरा रोखला. हे तिला दाखवायला पाहिजे, म्हणजे कळेल तिला मामा काय चीज आहे ते. दोनचार क्षण त्याने तसा धरलाही. मग त्याला समजलं की हा व्हिडिओ तिकडे पोचला तर टाळ्या पुन्हा त्या फवाऱ्याच्या औषधालाच पडतील. त्याने मोबाइल खाली घेतला. बाकड्यावरून काळ्याने विचारलं की माझा नंबर लागला काय.